अठरा इंच सोडून

फ्रिस्को, टेक्सस
२ सप्टेंबर २०२४

ती. स्व. दादास,

शि. सा. न. वि. वि. साष्टांग घालायला सध्या आमच्या हॉलमध्ये भरपूर जागा आहे, कारण खाली अंथरायचा रग अजून ठरलेला नाही.

फोनवर आपण भांडतो म्हणून आईने दोघांनाही कागदावर लिहायची शिक्षा दिली, ती मी मुकाट्याने भोगते आहे. तिकिटं आणायला पोस्टात गेले तर खिडकीवरच्या बाईंनी घरात लग्न आहे का म्हणून विचारलं. पत्रासाठी कोणी तिकीट घेत असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तर रग. भिंती राखाडी आणि बेज यांच्या अधल्यामधल्या आहेत, सोफा सेज ग्रीन, म्हणजे फिका राखाडी हिरवा. आतापर्यंत सात रग मागवले, सहा परत गेले आणि सातवा गॅरेजमध्ये निकालाची वाट बघतोय. एक निळसर होता, एक फार पिवळा, एक सकाळी बरोबर दिसायचा आणि दुपारी गुलाबी व्हायचा. अनया (आमच्या मंडळातली; तिने इंटिरिअरचा ऑनलाइन कोर्स केलाय) सांगते की रग मोठाच हवा आणि भिंतीपासून चारही बाजूंना अठरा इंच जमीन उघडी राहिली पाहिजे. अठरा म्हणजे अठराच.

दसऱ्यापासून आई तुझ्याकडून माझ्याकडे, असं आपलं ठरलं होतं. ठरलेलं मी मोडत नाही. पण खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाला अशा पसाऱ्यात आणायचं का, एवढंच तुला विचारते. नाताळपर्यंत हॉल नक्की होईल. तुझ्या मेहुण्याचं, देवांगचंही हेच मत आहे. म्हणजे मी सांगितल्यावर झालं.

वहिनीला नमस्कार. लोभ असू द्यावा, कुठल्याही शेडमध्ये चालेल.

तुझी,
आसावरी


अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
१३ सप्टेंबर २०२४

चि. सौ. आसावरीस,

अ. उ. आ. तुझं पत्र नियमाप्रमाणे आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि तिच्या जांभळ्या पातळावर तुझ्या हॉलमध्ये प्रवेश मिळेल का, की सेज ग्रीन नेसूनच यावं लागेल, असं विचारलं. मी म्हटलं, अनयाबाईंना विचारून कळवतो.

लोक पायाखाली घालायला गालिचा आणतात. तू गालिच्याला शोभतील असे पाय शोधते आहेस. सात गालिचे आणणारा ट्रकवाला तुला आता नावाने हाक मारत असेल. तेवढ्या फेऱ्यांत त्याने आईलाही आणून सोडलं असतं.

आणि हे नीट वाच. मे महिन्यापासून आईकडे येणाऱ्या फिजिओने स्पष्ट बजावलंय की वॉकरच्या वाटेत गालिचा नको. कडेला पाय अडकला की माणूस पडलाच. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दुसरा खुबा मोडला तर तो कुठल्याही शेडमध्ये मिळत नाही. तेव्हा गालिचा की आई, एवढं ठरव. दुपारी गुलाबी होणं वगैरे नंतर बघू.

गैरसमज नको. आई आमच्याकडे शंभर वर्षं राहिली तरी आम्हाला जड नाही. तुझ्या वहिनीने, नेत्राने, परवा तिच्या खोलीची मापं घेतली ती आपली सहज. फक्त ठरलं म्हणजे ठरलं.

आशीर्वाद आहेतच. ते कशावरही मॅच होतात.

विनय


फ्रिस्को
३० सप्टेंबर २०२४

ती. स्व. दादास,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही, तिसऱ्या दिवशी मनासारखा रग सापडला.

हाताने विणलेला आहे, नऊ बाय बारा, हस्तिदंती रंगाचा, त्यावर बारीक हिरवी वेल. फक्त त्याच्यापुढे भिंती मळकट दिसायला लागणार, म्हणून त्या पुन्हा रंगवून घेतल्या. भिंती बदलल्यावर पडदे ओरडायला लागले, तेही उतरवले. आता सोफा जरा परका वाटतो, पण त्याच्याकडे मी सध्या बघतच नाही. हा रग ऑर्डरप्रमाणे बनवून येणार आहे, त्यामुळे परत घेत नाहीत. एका अर्थी सुटले.

फिजिओचं म्हणणं मी ऐकलंय. चारही बाजूंनी अठरा इंच मोकळी जमीन राहते आहे ती कशासाठी? आई कडेने आरामात जाईल.

आता माझाही एक प्रश्न. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आईच्या पलंगामागे ट्रेडमिलचं भलंमोठं खोकं उभं होतं. शंभर वर्षं राहणाऱ्या माणसाच्या खोलीत ते काय करतंय? आई सध्या वॉकरवर आहे. थेट ट्रेडमिलवर चढवण्याइतकी तिची प्रगती झाली असेल तर अभिनंदन. नसेल तर मापं सहज घेणाऱ्या वहिनीला माझा खास नमस्कार सांग.

लोभ आहे, त्याला सध्या कुलूप लावलंय.

आसावरी


अ‍ॅशबर्न
दसरा, १२ ऑक्टोबर २०२४

चि. विनय आणि चि. सौ. आसावरी यांस,

अनेक आशीर्वाद. दोघांना एकच मजकूर लिहिते आहे. घरात कार्बन पेपर नाही, त्यामुळे हाताने दोनदा लिहावं लागलं. दुसऱ्या प्रतीत राग थोडा कमी झाला असेल. ती कोणाला मिळाली हे शोधत बसू नका.

पत्रं लिहायला लावली ती तुम्ही शब्द तपासून बोलावं म्हणून. तुम्ही तर ते आणखी धार लावून पाठवायला लागलात. विनय, तू वाचतोस छान. ट्रेडमिलचा परिच्छेद मात्र तू गाळलास. पाकीट टेबलावरच होतं आणि मला अजून दिसतं.

मला वाईट वाटलं. हे मी फिरवून लिहीत नाही. एकाला माझी खोली हवी आहे आणि दुसरीला माझ्यासाठी हॉल बिघडवायचा नाही, आणि दोघंही माझ्या खुब्याची काळजी घेताय. तुम्हाला वाढवताना आमच्या नागपूरच्या दोन खोल्यांत कशाचा रंग कशाला जुळत होता ते मला आठवत नाही. तुम्ही दोघं मात्र कुठेही लोळत होतात.

येत्या एकोणीस तारखेचं विमान मी व्हीलचेअरसकट बुक केलं आहे. विमान कंपनीच्या फोनवरच्या मुलीने दोनदा नाव चुकवलं, पण तिने मला ये म्हटलं. आसावरी, मी जुनी आहे, कडा उसवल्या आहेत, रंगही उतरला आहे. पण परत पाठवायची मुदत केव्हाच संपली.

तेहतीस वर्षं भूमिती शिकवली म्हणून एक मोजमाप कळवते. माझ्या वॉकरची रुंदी तेवीस इंच आहे.

तुमची,
आई


फ्रिस्को
२४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादास,

शि. सा. न. वि. वि. या वेळी टोमणे मारायला लिहीत नाही. आलेच तर सवयीने आले म्हणून समज.

आई आली आणि चार दिवसांनी रग आला. दिवाळीला मंडळातली सगळी येऊन गेली. सगळ्यांनी सोफ्यावर पाय वर घेऊन फराळ केला, कारण रगवर चकलीचा चुरा पडला तर मी काय करीन याची त्यांना भीती वाटत होती. अनयाने सत्तावीस फोटो काढले. एकात कोपऱ्यात आई येत होती, तो तिने कापून नीट केला. मी तो सगळ्यांना पाठवला. तुलाही मिळाला असेल.

मी दिवसभर वर ऑफिसच्या खोलीत मीटिंगमध्ये असते, देवांग बाहेर. आई खाली. तिला विचारलं की ती सगळं मजेत असल्याचं सांगायची. वॉकर तिच्या दाराशीच उभा दिसायचा. मी समजले की आता तिला त्याची गरज लागत नाही. देवांगला म्हटलंसुद्धा, बघ, दादाकडे जे जमलं नाही ते इथे महिन्यात जमलं.

परवा हॉलच्या नव्या भिंतीवर डाग दिसले. आधी वाटलं रंगाऱ्याने घाई केली. मग जवळून बघितलं. कमरेच्या उंचीवर तेलकट बोटं उमटली होती, हातभर अंतरावर एकेक, तिच्या दारापासून ते स्वयंपाकघरापर्यंत. आई गुडघ्याला तिळाचं तेल लावते. मी स्पंज घेऊन आले होते. दोन डाग पुसल्यावर हात थांबला.

अठरा इंचांत तेवीस इंच बसत नाही, दादा. तिने लिहून कळवलं होतं. मी तो टोमणा समजले आणि सोडून दिला. महिनाभर ती भिंत धरून, एकेक पाऊल आडवं टाकत, माझ्या रगला प्रदक्षिणा घालत होती आणि मी वर बसून लोकांच्या कामाचा आढावा घेत होते. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. आईने स्वयंपाकघरातून हे पाहिलं आणि फरशी गार आहे, खाली काहीतरी घालून बस असं सांगितलं.

रग त्याच संध्याकाळी गुंडाळला. परत घेत नाहीत, विचारून झालंय. उद्या तो कुरिअरने तुझ्याकडे निघतो. तू पाठवलेल्या दिवाळीच्या फोटोत आईच्या तिथल्या खोलीत ट्रेडमिल मधोमध उभी आहे. तिच्याखाली हा बरोबर बसेल. रंग जुळतो का ते वहिनी ठरवेलच, मापं तर तिच्याकडे आहेतच.

भिंतीवरचे उरलेले डाग मी ठेवलेत. अनयाने विचारलं तर सांगेन, ती शेड दुकानात मिळत नाही.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, शेवटचा कागद तिला हवा आहे.

तुझी,
आसावरी

ता. क. चि. विनय, अनेक आशीर्वाद. हिचा कबुलीजबाब वाचून तू खूश होशील म्हणून चार ओळी. भिंतीवर अकरा डाग होते, हिने दोन पुसले, नऊ राहिले. इथे हॉलपलीकडे रोज सकाळी चहा घ्यायला आणि संध्याकाळी भाजी निवडायला ही दोघं, ओट्याकडे तोंड करून, माझी वाट बघत असत, म्हणून मी भिंत धरून का होईना जात होते. तुझ्या भिंती पाच महिन्यांत अगदी स्वच्छ राहिल्या. आठवड्यातून दोनदा येणारा फिजिओ सोडला तर पलंगावरून उठून ये असं मला तिथे कोणी म्हणालंच नाही. गालिचा मिळाला की कळव. लोभ असू द्या दोघांनीही, फक्त पायात येऊ देऊ नका.

आई