वाकळेतली पहिली झोप

प्रिय आई,

पुण्याच्या प्रदर्शनाच्या बाई तुझी शेवटची वाकळ न्यायला आल्यात. बाहेरच्या सोप्यात चहा घेतायत, दारात टेम्पो उभा आहे, आणि मी स्वयंपाकघरात तुला लिहीत बसलेय. दुसऱ्या कुणाला विचारू गं?

बाईंना वाकळ कोरी हवीय. तुझा नियम तर उलटा! कुणीतरी पांघरून झोपल्याशिवाय वाकळ पुरी झाली असं तू कधी म्हटलंस?

लहानपणी मला काय राग यायचा! नवी वाकळ कधी मुक्कामी पाहुण्याला, कधी तापानं फणफणलेल्या शेजारणीला. मला कधीच नाही. परत आली की तू ती उन्हात धरायचीस आणि चुरगळलेल्या जागी नवे तुकडे लावायचीस. "अंग वळल्याबिगर रंग कुठं कमी पडतोय ते कळत न्हाई," म्हणायचीस.

तुझं माहेर जतचं, म्हणून इरकली लुगड्यांचे काठ. तिथले शेजारचे चाचा मोहरमच्या ताबुतासाठी कागद कातरायचे, ती नक्षी तू हिरव्या कापडात कातरलीस. लग्न झालं ते फौजेतल्या अण्णांशी, म्हणून पंजाबातली फुलकारी, आसामच्या गमछ्याची लाल किनार. आपल्या मेढ्याच्या थंडीत ही सगळी एका पांघरुणात आली, तरी कधी खिचडी वाटली नाही. कानडीत पुटपुटत फरशीवर तुकडे हलवत बसायचीस. मधेच माझ्या फ्रॉककडे असं बघायचीस, की मी पळच काढायचे!

अण्णांचा फौजेतला कोट कापलास तेव्हाचं आठवतं? "आगं, वर्दी हाय ती, चिंधी न्हवं!" ते ओरडले.

"आवं, पेटीत कुजण्यापरीस हितं शोभंल की."

आणि शोभलाच. कोटाच्या हिरव्याशेजारी फुलकारीचं केशरी इतकं पेटलं, की अण्णाच येईल त्याला हात धरून दाखवायला लागले. असा डोळा तुला कुणी दिला गं? मी आजही कपाट उघडून दोन रंग शेजारी ठेवते आणि हरते.

एक तक्रार आहे. लोक उशिरा का होईना तुला चित्रकार म्हणायला लागले, पुण्याच्या प्रदर्शनात तुझ्यासाठी मोठी भिंत ठरली, आणि शेवटचा टाका घालून तू निघून गेलीस. जरा थांबायचं होतंस की! ही वाकळ कुणी पांघरायची, तेवढं तरी सांगायचं.

तू गेल्यापासून अण्णा आडवे होत नाहीत. खुर्चीत डोळे उघडे ठेवून बसतात. मघाशी बाईंना दाखवायला मी वाकळ पलंगावर पसरली आणि चहा टाकायला आले. परत जाऊन बघते तर अण्णा वाकळ तोंडावर ओढून चक्क घोरतायत!

बाई माझ्या मागेच होत्या. "अहो, डोक्याच्या तेलाचे डाग पडतील! उठवा त्यांना. आज वाकळ मिळाली नाही, तर त्या भिंतीवर दुसऱ्याचं चित्र लागेल."

तुझी भिंत, आई! बाईंना चहा दिला आणि इथं लिहायला बसले.

पण लिहिता लिहिता ठरलं. अण्णांना मी उठवणार नाही. ते आपणहून उठले की वाकळ उन्हात धरेन, चुरगळलेल्या जागा बघेन, रंग कमी पडेल तिथं तुकडा लावीन, मगच ती घराबाहेर जाईल. तुझ्यासारखं जमणार नाही, पण लावीन. भिंत गेली तर गेली. शब्द देते.

आता बाहेर जाऊन बाईंना सांगते, जरा थांबा, आईचं काम चालू आहे.

तुझी,
रंजू