बारा चित्रं, बारा टिकल्या

३ जानेवारी
ठरलं. ह्यांच्या मागे चौदा महिने बंद पडलेली गॅलरी मी चालवणार. विकायच्या चित्रात जीव गुंतवू नये, असं हे म्हणत. मी गुंतवणार नाही. वाचून वाचून नजर तयार आहेच.

९ जानेवारी
ह्यांची चित्रकार मंडळी आली. दोन ताटं भजी संपली. माझ्या मताला मान आहे. भैरवीने आपली चित्रं म्हणून चार कोऱ्या फ्रेम आणल्या. मी म्हटलं, तिसरी जरा जास्तच कोरी झाली. सगळे एकदम भज्यांकडे वळले. अभ्यास जाणवला असावा.

१२ जानेवारी
मार्तंडने चित्र आणलं. ह्यांची खुर्ची, रिकामी, पाठीवर ह्यांचा नॅपकिन. म्हणाला, वहिनी, तीन वर्षांत माझं एक चित्र गेलं नाही. यंदा एक तरी विकून द्या, नाहीतर मी चाललो गावाकडे, कुहीले, भावाच्या राइस मिलवर. मी शब्द दिला.
चित्रासमोर तासभर उभी होते. प्रकाश तपासायला.

१८ जानेवारी
विकलेल्या चित्राच्या पाटीवर लाल ठिपका लावतात. हे उद्घाटनाआधीच दोन-तीन लावून ठेवत, गिऱ्हाइकाला हुरूप येतो. ठिपके संपलेले. माझ्या लाल टिकल्यांची पाकिटं कपाटात पडून होती. वाया कशाला? बाराही चित्रांना लावल्या. खुर्चीला सगळ्यात आधी. निव्वळ धंद्याची युक्ती.
सिंधूताई झाडू मारता मारता म्हणाली, काहून वं बाई, सारंच विकलं तर लोकं घेतीन काय? तिला मार्केटिंग कळत नाही.

२० जानेवारी, संध्याकाळी ७
उद्घाटन झालं. रामदासपेठेतले एक डॉक्टर आले. दर चित्रापुढे थांबून, अरेरे, हेही गेलं? मी मान डोलावली. भैरवी हरखून विचारते, माझी कोणी घेतली? म्हटलं, बाहेरगावचे आहेत.
मग डॉक्टर खुर्चीपुढे थांबले. म्हणाले, हे एकच उरलं वाटतं.
टिकली गळून पडली होती. जुना गोंद.
'नाही' अगदी ओठावर आलं. मागे मार्तंड उभा.
म्हटलं, हो. उरलंय.

२१ जानेवारी
मार्तंडने पेढे आणले. कुही रद्द. भैरवीला खरं सांगितलं. ती भजी न खाता गेली. दुपारी डॉक्टरांचा ड्रायव्हर चित्र घेऊन गेला.
उरलेल्या अकरा टिकल्या नखाने खरवडून काढल्या. एकही सहज निघाली नाही.
मग रिकाम्या खिळ्यासमोर तासभर उभी होते. प्रकाश ठीक आहे.