अठरा मिलीमीटर प्लायच्या दोन पेट्या

ता. ९ नोव्हेंबर, रविवार

माझ्या विसरभोळ्या नातीस,
आजीचे पुष्कळ आशीर्वाद.

पाकीट उलटंसुलटं करून बघितलंस ना, कोणाचं म्हणून? सांगते. मी तुझी आजी. तुझ्या बापाची आई. वरच्या खोलीत असते ती. तू शाळेत डबा विसरायचीस, दप्तर विसरायचीस, एकदा तर एक चप्पल तिथेच ठेवून एका पायाने लंगडत घरी आलीस. तेव्हा आजीला विसरलीस याचं मला नवल नाही. फक्त चप्पल दोन दिवसांत शोधली होतीस. मला आठ महिने झाले.

अक्षर माझं नाही हे ओळखलं असशीलच, कारण मला अक्षरच येत नाही. समोरची शिंपीण लिहून देतेय. मशीन बंद ठेवून आलीय बिचारी. मघाशी म्हणाली, "आजी, मला बिचारी कसं लिहू मीच?" म्हटलं, मी सांगते ते लिही, लाज मी बघून घेते.

इकडे सगळं ठीक. गुडघे होते तसेच आहेत, म्हणजे नाहीतच. जिना उतरणं बंद. जेवण वर येतं. तुझा बाबा ताट आणतो, ताट नेतो. भाजीत मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही. परवा विचारलं, "आज मीठ रजेवर आहे का रे?" म्हणाला, "हं." पूर्वी असल्या बोलण्याला तो तीन उत्तरं द्यायचा, आणि चौथं जिन्यातून ओरडायचा. आता हं. मलाही काही हसू येत नाही, तोंडाला सवय आहे म्हणून बोलते.

आता पेट्या. तुला पेट्यांचं नाव काढलेलं चालत नाही, म्हणून मुद्दाम काढते.

मागच्या महिन्यात मला दवाखान्यात न्यायला खुर्चीसकट खाली उतरवलं, तेव्हा त्याच्या खोलीत पहिल्यांदा बघितल्या. बाई गं. एकेक पेटी कपाटाएवढी. मी आत बसून दार लावून घेतलं तर महिनाभर कोणाला सापडणार नाही. प्लाय अठरा मिलीमीटर जाड. कडांना गोंद लावायचा, स्क्रू आवळायचे, चारी बाजूंनी क्लॅम्प लावून दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. आतून आडवे टेकू, फासळ्या असाव्यात तसे. पुढे दोन गोल भोकं, त्यात स्पीकर. केसाएवढी फट राहिली तरी काम वाया, म्हणून पेटीत ब्लोअरने हवा भरतो आणि सगळ्या सांध्यांवरून मेणबत्ती फिरवतो. ज्योत हलली की तिथे पुन्हा गोंद.

मी विचारलं, "एवढे टेकू कशाला? आत हत्ती उभा करणार आहेस?"

म्हणाला, "आवाज स्पीकरने काढायचा, आई. पेटीने हलायचं नाही. पेटी हलली की सगळं बिघडतं."

आठ महिन्यांत सलग एवढं बोलला तो त्याच दिवशी.

तू म्हणशील, बायको गेली तरी याचं खेळणं सुटत नाही. शिंपीणही तेच म्हणते, फक्त तोंडावर म्हणत नाही. पण तो वाजवत नाही गं. जोडतो, घासतो, मागची फळी उघडतो, पुन्हा जोडतो. पॉलिश पेपरचा आवाज वर येतो, खर्र खर्र, सकाळपासून. मी तो ऐकत बसते. थांबला की वाट बघते, सुरू झाला की बरं वाटतं, आणि बरं म्हणजे तरी काय, काहीच वाटत नाही. घड्याळ चालू आहे एवढं कळतं.

मला त्याची बाजू घ्यायची आहे, त्यासाठी हे पत्र. तू निघालीस तेव्हा दारात त्याला म्हणालीस, "तुझ्या पेट्यांनी माझी आई खाल्ली." तो म्हणाला, "हो." तू बॅग उचललीस.

झालं ते तुला माहीत आहे, तरी एकदा माझ्या तोंडून ऐक. तुझी आई दुपारी बाथरूममध्ये घसरली. कमरेतून मोडली, उठता येईना, ओरडायला आवाज फुटेना. दीड तास तशीच पडली होती. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी कळलं असतं तर कदाचित. आणि बाबाने सगळ्यांना सांगितलं, मी भिंतीपलीकडे पेटी मोठ्याने लावून बसलो होतो, मला ऐकू आलं नाही.

पण ऐकलं मीही होतं. माझ्या खोलीच्या बरोबर खाली, भिंतीच्या एका अंगाला बाथरूम, दुसऱ्या अंगाला त्याची खोली. जमिनीतून धप, धप, धप असं वर येत होतं. मला वाटलं याचीच पेटी. दुपारी वाजतेच. संध्याकाळी, सगळं झाल्यावर, तो वर आला. शर्टाला भुसा तसाच. मी म्हटलं, "मला धप धप ऐकू आलं रे. ती तुझीच पेटी ना?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो आई. माझीच पेटी होती."

तेव्हा मला बरं वाटलं, पोरी. खोटं कशाला बोलू. म्हणजे मी ऐकलं ती पेटीच, तुझी आई नव्हे. तेवढ्यावर मी आठ महिने जेवतेय.

इथे शिंपिणीने पेन खाली ठेवलं.

"आजी, कुठली पेटी?"

"कुठली म्हणजे? याची. खाली आहे ती."

"तिच्यात तेव्हा वाजायला काय होतं? ते दोन गोल स्पीकर तर तुमच्याकडे कोणी दार उघडेना म्हणून कुरिअरवाला माझ्याकडे टाकून गेला. वहिनी गेल्यानंतर. मीच सही केली. आठवडाभर त्या खोक्यांवर अस्तराचे तागे ठेवले होते मी."

"मग जुन्या असतील. लहान होत्या त्या."

"जुन्या तर वहिनी जायच्या आधीच लग्नाच्या हॉलवाला विकत घेऊन गेला. टेम्पो माझ्याच दारात लावला होता मेल्याने, दोन गिऱ्हाइकं परत गेली."

  मी विचारलं, "हे लिहिलंस का?" म्हणाली, "नाही." म्हटलं, "लिही."

लिहिलं. मग म्हटलं, आज राहू दे.

ता. ११, मंगळवार

कागद तोच आहे, काही खोडलेलं नाही.

काल तो ताट घेऊन आला तेव्हा विचारलं, "त्या दिवशी दुपारी तू कुठे होतास?"

त्याने ताट स्टुलावर ठेवलं, पाण्याचा पेला सरळ केला. म्हणाला, "प्लायवाल्याकडे. घरच्या करवतीने फळ्या सरळ कापल्या जात नव्हत्या. त्याच्याकडे मोठं मशीन आहे. रांग होती."

"मागच्या दाराने गेलास?"

"हं."

"आणि पेटी?"

"पेटी नव्हतीच तेव्हा. फळ्या होत्या."

"मग मला हो का म्हणालास?"

"तू तसंच विचारलंस ना, आई. तुझीच पेटी ना, असं. आणि तुझा चेहरा." त्याने पेला पुन्हा सरळ केला. "नाही कसं म्हणणार?"

"आणि पोरीला?"

"तुला एक आणि तिला दुसरं कसं सांगू? घर एकच आहे." मग म्हणाला, "जेव, गार होतंय." आणि जिन्याशी जाऊन, पाठ माझ्याकडे तशीच ठेवून, "तिला कळवू नकोस. ती तुझ्यावर रागावली तर तुला दुसरं कोण आहे?"

मी म्हटलं, "आणि तुला रे?"

म्हणाला, "मला काम आहे."

थोड्या वेळाने खालून खर्र खर्र सुरू झालं. मी जेवले. मीठ होतं की नव्हतं, आठवत नाही.

त्याने कळवू नकोस म्हटलंय आणि मी कळवतेय. नवीन काही नाही, मी त्याचं कधी ऐकलंय?

आता जे त्यालाही माहीत नाही ते. शिंपीण बाई, हळू लिही, मी एकदाच सांगणार आहे.

पेटीचा आवाज फार झाला की मी काठीने जमिनीवर दोनदा ठोकायची. दोन ठोके म्हणजे कमी कर. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तुझ्या आईलाही. त्या दिवशीही ठोकले. दोनदा. लगेच खालून ठोके वाढले. भराभर, जोरजोरात. मला वाटलं, हा मुद्दाम चिडवतोय म्हातारीला. मी पुन्हा काठी आपटली आणि ओरडले, "बस कर की आता! किती तो दंगा!"

थोड्या वेळाने बंद झाले.

मला वाटलं, चला, या घरात अजून माझं कोणीतरी ऐकतं. आणि मी कुशीवर वळून झोपले.

तिला माझी काठी ऐकू आली होती, पोरी. म्हातारी जागी आहे, तिला कळलंय, असं वाटलं असेल तिला. म्हणून तर जोरात ठोकलं. आणि मग माझं ओरडणंही ऐकू आलं असेल.

एवढंच आहे. शिंपिणीने सगळं वाचून दाखवलं. बरोबर लिहिलंय. तिचे डोळे पुसणं चाललंय, कागद ओला करू नकोस म्हणून मी तिला रागावले. मला वाटलं होतं हे सांगताना माझंही काही होईल. काही झालं नाही. खिडकीतून समोरचा दिवा दिसतो, तो लागलाय.

माफी मागत नाही. जिच्याकडे मागायची ती नाही, आणि तुझ्याकडे मागितली तर तुला एकतर हो म्हणावं लागेल नाहीतर नाही, दोन्ही तुला जड. राग माझ्यावर धर, हवा तेवढा. मी कुठे पळून जाणार, या गुडघ्यांनी. पण त्याच्यावरचा काढून घे. दारात तो तुला हो म्हणाला, ते खरं नव्हतं. तुझ्या आईच्या वेळी तो रांगेत उभा होता, हातात फळ्या घेऊन. घरात मी होते.

फोन करच असं म्हणत नाही. केलास तरी तो हं म्हणेल, आणि तू चिडशील, मला दोघंही माहीत आहात.

खाली अंगठा आहे तो माझा. अजून तुझी म्हणवून घेऊ देशील तर,

तुझी आजी

ता. क. एक डबा पाठव. त्यावर त्याचं नाव घाल, तुझ्या हाताने, मोठ्या अक्षरात. मऊ काही नको, गोड लापशीसारखं नको, केळी तर मुळीच नकोत. तसलं काही आलं की ताटात घालून सगळं वर मला आणून देईल आणि स्वतः बोटाला लावणार नाही. कडक टोस्ट पाठव. दोनदा भाजलेले, अगदी दगडासारखे, माझ्या हिरड्यांना अजिबात न चावता येणारे, म्हणजे तुझ्याकडून आलेले ते त्याला एकट्यालाच खावे लागतील.