सुजाताच्या जागेवरचा रस्ता

अर्विंग, टेक्सास
१२ ऑक्टोबर २००६

सौ. जाईबाई हिला दादारावाचा जयभीम.

मी बरा आहे. खोकला थोडाच आहे, त्याची काळजी करू नकोस. तू गुडघ्याला तेल लावतेस ना? रात्री दाराला कडी घालतेस ना?

आपली लेक सुजाता पुरली तिथून नवा रस्ता जाणार, तिला काढून दुसरीकडं न्यायचं का, असं तू फोनवर विचारलंस. त्याचं उत्तर आता लिहितो.

इथं आपल्या कुशलच्या घराशेजारी रूथबाई म्हणून गोरी म्हातारी राहते. सूनबाई पायलनं तिला आपलं दुःख सांगितलं, तेव्हा तिनं तिच्या पणजीचं सांगितलं. पणजी बैलगाडीनं या मुलखात आली, तेव्हा इथं गोऱ्यांची वस्ती नव्हती. वाटेत तिचा लेक तापानं गेला. लांडग्यांनी उकरू नये म्हणून त्याला चाकोरीतच पुरलं आणि सगळ्या गाड्या वरून नेल्या. पहिली गाडी पणजीनंच हाकली. दुसऱ्या कुणाला कासरा धरू दिला नाही.

मी पायलला म्हटलं, "विचार गं, ती परत गेली का तिथं?"

"गेली होती, जागा सापडली नाही," रूथबाई म्हणाली. "पण म्हणायची, वरून माणसं जातात, तो एकटा नाही."

तेव्हा सुजाताला उकरू नका. इतक्या वर्षांनी हाती काय लागणार? पण रोलर येईल त्या दिवशी तू तिथं जाऊन उभी राहा. माझं परतीचं तिकीट डिसेंबरचं आहे, तोवर रस्ता होऊन जाईल. पोरीजवळ आपल्यापैकी एक तरी पाहिजे.

कुशल आणि पायल तुझी आठवण काढतात.

तुझा,
दादाराव