मोजपट्टीऐवजी

३ मार्च
आलो एकदाचे. दोन खोल्या, नळाला पाणी, दाराला धड कडी आणि भाडं नाही. साथीनंतर इतकं सुख एका जागी पाहिलं नव्हतं. भिंगरी गाडीतून उतरल्यापासून गोल गोल फिरतेय. सात वर्षांची झाली तरी टोपणनावाला जागते. तिचे बाबा साथीत गेले, माझा फोटो स्टुडिओ बंद पडला. आता मी या संरक्षित खडकाची राखणदार. लोक वाघ राखतात, मी दगड राखणार. निदान तो चावणार तरी नाही.

५ मार्च
जुन्या राखणदारकाकांनी काम समजावलं. टेकडीच्या पायथ्याशी खोलीएवढा सपाट कातळ आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठलंसं जनावर चिखलातून गेलं आणि चिखलाचा दगड झाला. त्याच्या पावलांचे एकोणीस ठसे; शेवटचा टेकडीच्या पोटात शिरतो. रोज सकाळी मऊ ब्रशने धूळ झाडायची, ठसे मोजायचे, वहीत लिहायचं. साथीच्या दंगलींत जळालेली शहरं पुन्हा उभी करायला दगड हवा म्हणून निम्म्या जागांचं संरक्षण काढून घेतलंय. आपली जागा टिकवायची तर दहा तारखेच्या आत शहरातल्या मुख्य ऑफिसला फोटो पाठवायचे. आकार कळावा म्हणून ठशाशेजारी काळी-पांढरी मोजपट्टी ठेवायची. पट्टीशिवाय दुसरं काही ठेवू नका, असं काकांनी दोनदा बजावलं. म्हातारी माणसं सगळंच दोनदा सांगतात.

९ मार्च
पट्टी मोडली. माझाच पाय पडला, कुणाला बोलणार? नवी यायला महिना लागेल म्हणे. मुदत हुकली तर खडक जाईल, त्याच्यामागे नोकरी आणि घरही. शेवटी भिंगरीचे बूट काढून तिला सगळ्यात स्पष्ट ठशाशेजारी पाऊल ठेवायला लावलं. झकास फोटो आले. दगड गरम लागतोय, अशी तिची कुरकुर चालली होती. दिवस ढगाळ होता.

१० मार्च
मोजले तर वीस. काल भिंगरी उभी होती तिथे छोटं पाऊल, पाचही बोटांसकट. ब्रशने जाईना, ओल्या फडक्याने जाईना. भिंगरीने हौसेने पाय ठेवून पाहिला, बरोब्बर बसला.

१२ मार्च
तीन छोटी पावलं, ओळीने, टेकडीच्या दिशेने. आणि भिंगरी न्हाणीतून ओल्या पायांनी आली तर फरशी कोरडीच, एकही पाऊल उमटलेलं नाही.

काकांकडे धावले. पाऊल अनवाणी होतं का, एवढंच त्यांनी विचारलं. मग खाली बघत सांगितलं की तीस वर्षांपूर्वी त्यांनी पट्टीऐवजी बायकोचा हात ठेवला होता. तिला लांब गावी नेलं, तरी आठवड्याभरात ती नाहीशी झाली. तो ठसा त्यांनी मातीखाली झाकून ठेवलाय. मी विचारलं, आधी का नाही सांगितलं. सांगितलं असतं तर इथे कोण राहिलं असतं, म्हणाले. त्यांचा गळा धरावासा वाटला.

१४ मार्च
सात. भिंगरीला उचललं तर रिकाम्या पिशवीसारखी लागली. जेवते, हसते, पाढे म्हणते. ऑफिसला पत्र धाडलं, नव्या ठशांचे फोटो जोडले. संरक्षण काढा, यंत्र पाठवा, हा दगड आजच्या आज फोडा. हात जोडते.

१५ मार्च
अकरा. यापुढचं पाऊल टेकडीखाली. तिला बूट घातलेत, ओढणीने खुर्चीला बांधलंय. सैल बांधलंय. तिला हा खेळ वाटतोय. मी पापणी लवू देणार नाही —

१६ मार्च
काल दुपारी. भर उजेडात. मी समोरच बसले होते. बुटांच्या नाड्या बांधलेल्याच. ओढणीची गाठ तशीच. खुर्ची —

सकाळपासून घण घालतेय. हात सोलवटले. दगडाला ओरखडा नाही. कान लावला की ती आई म्हणते. दर वेळी जरा लांबून.

१७ मार्च
ऑफिसचा माणूस पत्र घेऊन आला. अभिनंदन, म्हणे. एवढ्या जुन्या खडकात लहान मुलाची पावलं जगात कुठेच नाहीत. माझ्या फोटोंमुळे जागा कायमची संरक्षित. कुणीही, कसल्याही कारणाने हात लावायचा नाही. उद्यापासून कुंपण, पहारा. घण घेऊन गेला.

त्याचे पाय धरले. आत माझी लेक आहे म्हटलं. त्याने मला पाणी दिलं. विश्रांती घ्या म्हणाला.

१८ मार्च
कुंपणवाले आलेत. खांब उतरवतायत. वेळ नाही.

चप्पल काढली. तिच्या शेवटच्या पावलाशेजारी माझं. फोटो काढला. आवाज फार लांब गेलाय —

गरम आहे. मऊ होतंय. घोट्यापर्यंत —

भिंगरे, थांब गं तिथेच, पुढे जाऊ नकोस, मी आले, मी आ