जावळीत कोरडे पाय

११ मे, कवठे महांकाळ

आज आण्णांशी समोरासमोर झालंच. विनंती बदलीचा अर्ज त्यांनी स्वतः भरून ठेवलाय. सही तेवढी माझी हवी. कारण : वैद्यकीय. म्हणजे माझे पाय.

गेल्या पावसाळ्यात मेढ्यात, जनावरांच्या दवाखान्याच्या नोकरीवर असताना, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, त्या चिघळल्या, पाय घोट्यापर्यंत सुजला. अकरा दिवस रजा. तेव्हापासून आण्णांचं एकच. ते फौजेतले, डाव्या पायाची करंगळी बर्फात ठेवून आलेले. पाय या विषयावर त्यांच्याशी वाद घालायची घरात कुणाची टाप नाही.

"पाय गेला की मानूस गेला. जनावरं काय हिकडं न्हाईत व्हय?"

आहेत की. पण मेढ्याच्या वरच्या वाड्यांतला एकेक गोठा मला तीन वर्षांत पाठ झालाय. आत्ता कुठे लोक 'डाक्टर सायेब न्हाय आलं का?' म्हणून माझ्या मागे बघायचं थांबलेत. आता सोडू?

शेवटी ठरलं : हा एक पावसाळा. पायाचं एक बोट जरी बिघडलं तर सही. पाऊस उघडेपर्यंत नाही बिघडलं तर अर्ज चुलीत.

आई म्हणाली, "बाप-लेक दोघं बी सारखीच." ही तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

१३ मे, सांगली

बूट शोधायला विश्रामबागला. गेल्या वर्षीचे गमबूट नकोत. आत घामानंच पाय कुजतो, आणि गाडीवर गिअर कुठे आहे ते पायाला कळत नाही. मोटरसायकलवाल्यांचे खरे वॉटरप्रूफ बूट पाहिजेत.

दुकानदार : "ताई, मिस्टरांचा नंबर सांगा."
मी : "मिस्टर नाहीत. नंबर पाच."
त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा बाहेर उभ्या गाडीकडे बघितलं. मग कपाट उघडलं. माणूस चांगला निघाला. पाच नंबर नव्हताच, सगळा पुरुषांचा माल. सहाच्या आत जाड मोजा घालून बघितला. टाच उचलत नाही, बोटं पुढे हलतात. बसला!

झिपेच्या मागे सलग चामडं आहे, पाणी झिपेतून आलं तरी पायापर्यंत पोचत नाही. आत पाणी अडवणारा पातळ पडदा. उंची अर्ध्या नडगीवर. डाव्या चवड्यावर गिअरसाठी जास्तीचा थर. बूट घालून बाहेर गाडीवर बसले, गिअर टाकून बघितले. चवडा दांड्याखाली जाईना. शेजारच्या मेस्त्रीनं गिअरचा दांडा एक दाता वर करून दिला. आता लोण्यासारखा जातो.

किंमत लिहीत नाही. आई ही वही वाचते असा संशय आहे.

१७ मे, कवठे महांकाळ

नवे बूट पायात मुरवायला दिवसातून दोन तास घालून फिरते. बेचाळीस डिग्री. गल्लीला फुकटचा तमाशा. पलीकडची म्हातारी ओट्यावरून ओरडली, "आगं, आभाळात ढग न्हाई आन् वाटरप्रूप बूट? टँकर यायचाय व्हय आज?" चुलत्यानं बुटावर तांब्याभर पाणी ओतून बघितलं. थेंब घरंगळून गेले. तो म्हणाला, "लय भारी. पर पानी वाया घालवलंस." ओतलं त्यानं, आणि बोलणी मला.

आण्णांनी पँट बुटात खोचून दाखवली, घडी कशी घालायची ते. "हे आसं. ढिलं दिसाय नको." आमच्याकडे कुसळं आणि विंचवांमुळे सगळे खोचतातच, फौजेतला माणूस तर इस्त्रीच्या घडीसारखी खोचतो.

८ जून, मेढा

हजर झाले. खोली, दवाखान्याचं कुलूप, सगळं जागेवर. घरमालकीण मावशींनी बूट हातात घेऊन वजन केलं. "ह्ये घालून पळायचं म्हनलं तर?" मी म्हटलं पळायचं नाही, म्हणून तर घेतले.

गुरांच्या घटसर्पाच्या लसी पावसाआधी उरकायच्या आहेत. दिवसाला चार वाड्या.

२३ जून

पाऊस लागून आठवडा झाला. पहिले तीन दिवस नुसती भुरभुर, पाय कोरडे. चौथ्यापासून मोजे ओले. आधी वाटलं घाम. आज मोजा पिळला तर पाणी निघालं. घाम एवढा नसतो.

दुकानदाराला फोन. "ताई, एकबी तक्रार न्हाई आजवर ह्या मालाची." मग मीच पहिली. मान मिळाला.

२ जुलै

उजव्या करंगळीच्या बेचक्यात पांढरं. नखाएवढंच. पण आहे.

आण्णांना सांगितलं नाही. आईला फोनवर नुसतं विचारलं, गेल्या वर्षीच्या पावडरचं नाव काय होतं गं. उगीच, असू दे जवळ. खोटं बोलायला मी काही तरबेज नाही, पण फोनवर तोंड दिसत नाही.

सही करावी लागणार. वरच्या वाडीतल्या तात्यांची म्हैस गाभण आहे, ऑगस्ट अखेरीस विणार. तेव्हा मी असेन का इथे? रडू आलं. लिहून ठेवते, कारण असं रोज रोज मला येत नाही.

५ जुलै

शोध लागला!! दोन उद्गारचिन्हं, आणखी हवी तर आणखी.

रविवार. राग इतका आला होता की म्हटलं पुरावाच घ्यावा आणि बूट दुकानदाराच्या अंगावर फेकावेत. अंगणातल्या पडवीत दोन बादल्या मांडल्या, घोट्याच्या वरपर्यंत पाणी, कोरडे मोजे, बूट, आणि एकेका बादलीत एकेक पाय. खुर्चीवर बसून. अर्धा तास. मावशी बाहेर आल्या.

"अगं बाय, काय झालं तुला?"
"बूट गळतात का बघतेय."
"मग?"

पाय काढले. मोजे कोरडे. कडकडीत कोरडे. मी मावशींकडे बघतेय, मावशी माझ्याकडे. मग पाणी येतं कुठून?

मावशींनी दोरीवरच्या माझ्या रेनकोटच्या पँटकडे बघितलं. "तू ती पँट बुटात कोंबून जातीस न्हवं रोज?"
"हो."
"पन्हाळ पिपात सोडल्यावर पिप भरनारच की."

एवढंच बोलून आत गेल्या, भात उतू जात होता.

मांडीवरचा सगळा पाऊस पँटवरून वाहत येतो आणि मी स्वतःच्या हातानं, घडी घालून, व्यवस्थित, त्याला बुटात सोडते! सत्तावीस वर्षांची दुष्काळी सवय. आमच्याकडे पायाला त्रास खालून येतो, कुसळं, काटे, विंचू. इथे तो वरून येतो. तीन वर्षं इथे राहून हे एका बाईनं भात उतू जायच्या घाईत सांगावं!

६ जुलै

पँट बुटाच्या बाहेर, खाली इलॅस्टिक बसवून. सात तास पाऊस. मोजे कोरडे. संध्याकाळी मावशींना जिलेबी.

१२ जुलै

करंगळी बरी. पांढरं गेलं. रोज संध्याकाळी बोटं एकेक पुसून कोरडी करते, पावडर, मग साधी चप्पल. मोज्यांच्या तीन जोड्या, एक पिशवीत कायम.

आण्णांचा फोन. "पाय?" "उत्तम." हे आज खरं होतं. पँट बाहेर काढलीय म्हणून सांगितलं. मग, "बावळाट दिसत आसंल." दिसतं. दिसू दे.

१९ जुलै

आज माया अंगाशी आली. मी आंघोळीला गेले तेवढ्यात मावशींनी ओले बूट उचलून चुलीशेजारी ठेवले, "वाळत्याल बिचारं." चवड्याचं चामडं कडक, वास जळका. मला ओरडायचं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

घाबरत आण्णांना फोन केला. वाटलं भाषण ऐकावं लागणार. पण बुटाचं नाव निघालं आणि माणूस बदलला. शिवण उसवलीय का? तळ सुटलाय का? नाही? मग ऐक. नुसत्या गार पाण्यानं धू, साबण लावू नको. आत वर्तमानपत्र कोंब, दर दोन तासांनी बदल. वाऱ्याला ठेव, आगीला नाही. पुरता वाळला की मेण लाव. "ब्रशानं न्हाई, आंगठ्यानं. आंगठ्याच्या उबंनं मेण आत जातंय. चामडं म्हंजी जनावराचं आंग हाय, तुला म्या सांगाय पायजे व्हय?"

चाळीस मिनिटं बोलले. आम्ही दोघं आयुष्यात कधी फोनवर चाळीस मिनिटं बोललो नव्हतो.

२ ऑगस्ट

दर रविवारी अंगठ्यानं मेण. चामडं पुन्हा नरम. मावशी लांब बसून बघतात, चुलीकडे बूट नेत नाहीत. त्यांच्या दोन्ही पोरी मुंबईला असतात. म्हणाल्या, "मेण लावाया मला बी शिकीव. तू कामावर गेलीस की मी लावीन." आता एक बूट त्यांचा, एक माझा. त्यांचा जास्त चमकतो.

२४ ऑगस्ट

आजचं सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी आठला तात्यांचा फोन. म्हैस पहाटेपासून कळा देतेय, रेडकू येत नाही. डॉक्टरसाहेब सातारला मीटिंगला. म्हटलं निघाले. वाडीच्या अलीकडचा ओढा भरून. गाडी अलीकडे लावली. पलीकडून तात्या काठी घेऊन आले, हात धरला. पाणी नडगीला, बुटाची कड चार बोटं वर. ती चार बोटं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

रेडकाचा पुढचा पाय आत दुमडलेला. दीड तास शेणामुतात उभी. गमबुटात गेल्या वर्षी मी अशी दहा मिनिटं उभी राहू शकत नव्हते, घसरायचे. आज पाय रोवून उभी. पाय सरळ केला, दोरी लावली, तात्या आणि त्यांचा भाऊ ओढताहेत, मी सांगतेय थांबा, आता, थांबा, आता. आली! रेडी. नाक साफ केलं, चोळली, शिंकली.

तात्यांच्या बायकोनं चहा दिला आणि म्हणाली, "पाय भिजून चिंब झालं आसत्याल, काढा ते बूट." काढले. मोजा हातात दिला. तिनं चाचपला, गालाला लावला, सगळ्यांना दाखवला. "आवं, ठनठनीत कोरडा की!" अख्ख्या वाडीत माझा मोजा फिरला. कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी निघताना तात्या : "बाई, सायेब न्हाय आलं तरी चालतंय आता."

तीन वर्षं या एका वाक्यासाठी.

१३ सप्टेंबर

आण्णा आले. न कळवता, तीन एसट्या बदलून. चहा घेतला आणि म्हणाले, "पाय दाव."

मावशींच्या ओट्यावर, दिवसाउजेडी, फौजेतली पायांची तपासणी. चष्मा लावून एकेक बोट वेगळं करून बघितलं. तळवा, टाच, नखं. मला लाज वाटत होती आणि हसूही येत होतं. शेवटी म्हणाले, "पास."

मग मला राहवेना. सांगून टाकलं. जुलैत करंगळीला झालं होतं, लपवलं. ठरावाप्रमाणे तेव्हाच सही करायला हवी होती.

ते मोजा उलटा सुलटा करत होते. "म्हाईत हाय. आईला पावडरचं नाव इचारलंस तवाच कळलं."

"मग बोलला का नाही?"

"तू काय करतीस ते बघाय पायजे व्हतं."

दोन महिने माहीत असून गप्प! आणि मी इकडे चोरासारखी. राग यायला हवा होता. आला नाही.

१४ सप्टेंबर

तात्यांच्या रेडीला जंताचं औषध द्यायचं होतं. आण्णा म्हणाले मीही येतो. पायात त्यांचे फौजेतले बूट, आरशासारखे, आणि पँट खोचलेली. मी म्हटलं, आण्णा, बाहेर काढा. मावशींनीही सांगितलं. "सव्वीस वर्सं घातल्यात," म्हणाले. विषय संपला.

मागे बसले. वाटेत असा पाऊस लागला की रस्ता दिसेना. वाडीत पोचून उतरले तर पचाक पचाक आवाज. तात्यांनी पाट दिला. बूट उलटा केला, पाणी निघालं. कुणी हसलं नाही, पाहुणा ना. तात्यांच्या बायकोनं कोरडं फडकं दिलं. आण्णांनी चार बोटं पुसली, आणि पाचवं नाही ती जागाही पुसली.

तोवर तात्यांनी त्यांना रेडी दाखवली, ओढा दाखवला, मी उभी होते ती जागा दाखवली, पाणी कुठवर होतं ते स्वतःच्या नडगीवर हात ठेवून दाखवलं. त्यात त्यांनी चार बोटांची दोन केली. मी दुरुस्त केलं नाही.

आण्णा ऐकत होते. "एकलीनं?" एवढंच विचारलं.
"तर! आमच्या बाईंनी."

परतताना मागे फौजेसारखे ताठ बसले. पँट मात्र बाहेर होती.

१५ सप्टेंबर

सकाळी त्यांना स्टँडवर सोडलं. पाऊस चालूच, अजून महिनाभर तरी उघडायचा नाही. अर्जाचं त्यांनी काढलं नाही, मीही नाही. तो त्यांच्याकडेच आहे, घरी, कपाटात.

एसटी लागली. पिशवी घेऊन दारात चढले, मग पुन्हा एक पायरी खाली आले.

"त्या दुकानात आठ नंबर मिळतो का?"

"मिळतो की. पण तुम्हाला कशाला? कवठ्यात पाऊस कुठाय?"

"कवठ्यात न्हाई," आण्णा म्हणाले. "फुडच्या जूनला हिकडं येणार हाय म्या."

कंडक्टरनं घंटी मारली. मी हात हलवायचाही विसरले. दवाखाना उघडायला अर्धा तास उशीर झाला, बाहेर दोन शेळ्या आणि एक गाय थांबलेली.