आत ऐकू गेलं पाहिजे

बाबा, हे मराठीत लिहितोय. इंग्रजीत लिहिलं असतं तर मजकूर राहिला बाजूला, आधी माझं इंग्रजी कुठे लंगडतंय ते तुम्ही शोधलं असतंत. मेल्यावरसुद्धा. तेवढा तुमचा भरवसा आहे मला. तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होतो. आता मिशा आहेत, अर्धवट सोडलेलं कॉलेज आहे, आणि आई व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्या श्राद्धाचं ताट पाठवते तेव्हा मी न बघता अंगठा दाखवून मोकळा होतो. आज एकदम तुम्हाला लिहायला बसलोय ते प्रेमापोटी, पण ते प्रेम तुमच्यावरचं नाही.

मी ब्लॅकटाउनमध्ये आहे, सिडनीच्या पश्चिमेला. साथ चालू आहे, सगळं बंद आहे. डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालतं, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे पाय टाकायचा नाही, आणि समुद्राकाठचे गोरे मात्र बीचवर कॉफी पीत फिरताना टीव्हीवर दिसतात. तुमच्या त्या इंग्रज कवीचं बरं होतं. लंडनमध्ये प्लेग आला तेव्हा एका भल्या माणसाने त्याला खेड्यात घर बघून दिलं, आणि हा आपलं महाकाव्य काखोटीला मारून तिथे जाऊन बसला. ही गोष्ट तुम्ही जेवताना सांगायचात, जणू त्या घराचं भाडं तुम्हीच ठरवून आला होतात. मला कोणी खेड्यात घर बघून दिलं नाही. मी एका गोदामात माल उचलतो. कानात हेडसेट असतो, त्यातली बाई सांगते कुठल्या रांगेत जा, कुठलं खोकं घे, आणि खोक्यावरचे आकडे मी तिला मोठ्याने परत म्हणून दाखवतो. अर्थ काही नाही, फक्त म्हणायचं. पहिल्याच दिवशी सुपरवायझर म्हणाला, "यू आर अ नॅचरल, मेट." मी म्हटलं, माझं लहानपणच याच कामात गेलंय.

मिरजेच्या बाहेरच्या खोलीतली ती वेताची खुर्ची मला अजून दिसते. काचबिंदूने तुमचे डोळे गेले, इंग्रजी शिकवायचात त्या कॉलेजने निरोपाचा नारळ दिला, पीएचडी राहिली ती राहिलीच. दुसरा कोणी असता तर खचला असता. तुम्ही उलट फुललात. कारण तोसुद्धा आंधळा झाला होता! इंग्रजीतला सगळ्यात मोठा देवभक्त कवी, राजाचं डोकं उडवणाऱ्या सरकारात चिटणीस, ऐन उमेदीत दृष्टी गेली; पुढे राजाचा मुलगा गादीवर आला, याची पुस्तकं जाळली, याला तुरुंगात टाकलं, आणि त्यातून सुटून या माणसाने काळोखात बसून देवाने घडवलेल्या पहिल्या जोडप्याचं, त्या बागेचं, त्या फळाचं आणि त्यांना भुलवायला आलेल्या सैतानाचं एवढं थोरलं काव्य रचलं. रात्रभर ओळी मनात साठवायचा आणि सकाळी लिहून घेणारा वेळेवर आला नाही की म्हणायचा, मला दोहायला कुणी आलं नाही अजून. हे सांगताना तुम्ही गाईसारखी मान हलवायचात. पण त्याने काळोखातून महाकाव्य काढलं, आणि तुम्ही काय काढलंत, बाबा? माझे गुडघे काळेनिळे काढलेत.

कारण तुमचा हात माझ्या गुडघ्यावर असायचा. मी मराठी शाळेतला पोरगा, 'ए फॉर अ‍ॅपल'च्या जरासा पुढे गेलेला, आणि समोर तो ग्रंथ. शब्दाचा अर्थ विचारायचा नाही. "अर्थ मागाहून येतो," म्हणायचात, "अथर्वशीर्ष काय समजून म्हणतोस?" फक्त लय. जोर कुठे पडतो, श्वास कुठे. चुकलं की मधल्या बोटाचं पेर गुडघ्याच्या वाटीवर टण्‌कन. नीट गेलं की खिशातून आलेपाकाची वडी निघायची, तिला तुमच्या रुमालाचा वास. कवीच्या मुलींचंही हेच होतं, हे तुम्हीच सांगितलंत. पोरींना कळत नसलेल्या भाषांतली पुस्तकं त्या बापाला तासन्‌तास वाचून दाखवायच्या, कुणी म्हटलं शिकवा की त्यांना त्या भाषा, तर म्हणे बाईला एकच जीभ पुरे. तुम्ही हे विनोद म्हणून सांगायचात. त्याच पोरींनी त्याची पुस्तकं चोरून विकली, आणि बाप पुन्हा लग्न करतोय कळल्यावर मधली मोलकरणीला म्हणाली की यात कसली बातमी, तो मेल्याचं कळलं तर काहीतरी ऐकल्यासारखं होईल. हे मात्र तुम्ही सांगितलं नाहीत. हे मी इथल्या लायब्ररीत वाचलं आणि उभ्या उभ्या हसलो.

आणि त्याची ती पहिली बायको! लग्नाला महिना होतो न होतो तर माहेरी निघून गेली. तुम्ही रंगात येऊन सांगताय, मी पाट ओढून बसलोय, आई पोळ्या लाटतेय.

"तीन वर्षं आली नाही. त्याने काय केलं? घटस्फोट हा धर्माला धरूनच आहे म्हणून पुस्तकं लिहिली. शेवटी आली, गुडघे टेकले तिने त्याच्यापुढे."

"बरं, मग?" आईने तव्याकडे बघतच विचारलं.

"मग काय, ठेवून घेतलं त्याने. मुलं झाली."

"आणि ती?"

"ती गेली. बाळंतपणात."

"सुटली," आई म्हणाली, आणि पोळी उलटली.

तुम्ही ताट सरकवून उठलात, भिंत चाचपत गेलात. आईने तुमच्या ताटातली पोळी माझ्या ताटात टाकली. "खा. गार होतीय."

आता मुद्द्याचं. आई बँकेत होती. तिथले एक काका संध्याकाळी तिला स्कूटरवरून सोडायचे, मग आत चहा व्हायचा. आत म्हणजे स्वयंपाकघरात, कारण बाहेरच्या खोलीत तुम्ही आणि मी. काका जाताना हटकून म्हणायचे, "काय सर, आज पण इंग्रजाचीच पूजा का?" आणि आत आई हसायची. काका मॅनेजरची नक्कल करायचे, त्याला ती हसायची. ते हसणं आमच्या वाट्याला यायचं नाही. तिचं हसू आलं रे आलं की तुम्ही पान बदलायला सांगायचात. नेहमी तोच उतारा, चौथ्या भागातला. "मोठ्याने वाच. आत ऐकू गेलं पाहिजे." आणि तिथेच तुमचा आवाज, पुढचा शब्द सांगताना, इतका हळवा व्हायचा की मला वाटायचं हीच ती जागा. सगळ्या ग्रंथातली प्रेमाची जागा. तुम्ही आईला ऐकवताय. मला ते फार आवडायचं, बाबा. तुम्ही दोघं भांडायचात, तरी रोज संध्याकाळी माझ्या तोंडून तिला प्रेमाच्या ओळी पाठवताय, असं मी धरून चाललो होतो. त्या ओळी माझ्या अशा पाठ झाल्या की तापातही बडबडलो असेन.

तर ती, मी जिच्या प्रेमात पडलोय ती. नाव लिहीत नाही, तुम्हाला काय करायचंय. जन्म इथलाच, आईवडील गुंगालिनला, कॅनबराकडे, सरकारी नोकरीत. ही एकटी इथे, कोणाच्या तरी परसातल्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये, युनिव्हर्सिटीत इंग्रजी साहित्य करते. हसते तेव्हा नाकातून आवाज येतो. एकदा म्हणाली, "कॉलेज इज सच अ स्कॅम, यार." दुसऱ्या आठवड्यात झूमवर ट्यूटरने काळ्या चौकोनांना विचारलं, एनी क्वेश्चन्स, आणि मी कॅमेरा चालू करून त्याला नको ते बोललो आणि कॉलेज सोडलं. तिला सांगितलं तर म्हणते, "मी म्हणाले होते असं? जोक होता रे तो!" व्हिसाचं आता वकील बघतोय. तुमच्या खानदानात पदवी अर्धवट सोडायची चालच आहे, तेव्हा डोळे वटारू नका. वटारायला डोळे आहेत कुठे म्हणा.

या लॉकडाउनमध्ये एक नियम निघाला. एकट्या राहणाऱ्या माणसाने एकच नाव द्यायचं. तोच माणूस घरी येऊ शकतो, दुसरं कोणी नाही, बदलता येत नाही. ती फोनवर म्हणाली, "इट्स लाइक स्वयंवर, पण नाकात टेस्ट घालून. शुक्रवारी ठरवते." मी तीन रात्री झोपलो नाही. शुक्रवारपर्यंत मला तिला असं काहीतरी द्यायचं होतं जे दुसऱ्या कुणाकडे नसेल. माझ्याकडे काय होतं? मी टॉयलेटचं दार लावून, फोन बेसिनवर ठेवून, तुमचा तो उतारा रेकॉर्ड केला. अख्खा. पाठ. तुमच्यासारखा हळवा होत. खाली लिहिलं, 'माझे बाबा हे माझ्या आईसाठी म्हणायचे.'

शुक्रवारी दुपारी मेसेज आला, तुमच्या युनिटचा पूर्ण पत्ता पाठव ना, रजिस्टर करायचंय. मी पत्ता पाठवला. पिनकोडसकट. मग आंघोळ केली, दाढी केली आणि गोदामातून आणलेल्या पेअर्समधल्या, म्हणजे नासपतींमधल्या, डाग नसलेल्या चार निवडून पिशवीत भरल्या. तेवढ्यात तिचा फोन.

"तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. ओ माय गॉड. तुला माहितीये का ते कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? नवरा. बायकोला."

नाकातून आवाज. "अरे, सैतान आहे तो! जनावराचं रूप घेऊन जवळ आलाय, ती दोघं मिठीत आहेत आणि हा तिरक्या डोळ्याने बघत जळतोय. हे यांना आहे आणि मला नाही, म्हणून. मग ठरवतो की यांची वाट लावायची. यू सेंट मी सेटन, मेट! लव पोएम म्हणून! लिटरली?" मग, "क्यूट आहे. बट, आय मीन, क्रीपी पण."

मी म्हटलं, "मी कधी येऊ?"

ती मग हळूच, "तू नाही रे. तुझा फ्लॅटमेट. त्याला पत्ता विचारला तर म्हणाला याला विचार, मला युनिट नंबरच माहीत नाही. सॉरी. मला वाटलं त्याने तुला सांगितलं असेल."

फ्लॅटमेट म्हणजे लुधियानाचा, महिन्यापूर्वी आलेला, माझ्याच व्हिडिओ कॉलवर तिच्याशी ओळख झालेला, स्वतःचा पत्ता पाठ नसलेला माणूस. संध्याकाळी दारात बूट घालत म्हणाला, "भाई, तू गुस्सा तो नहीं है ना? मैंने नहीं बोला उसको, उसी ने बोला." मी म्हटलं, "राजमा लग रहा है तेरा, देख." नव्हता लागत. तो एक बूट तसाच टाकून आत बघायला गेला, तेवढ्यात मी तो गॅलरीतून खाली फेकला. खाली जाऊन उचलून आणला त्याने, पायात घातला आणि गेला. जाताना माझ्या पेअर्स पण घेऊन गेला, ओट्यावर होत्या म्हणून.

हे परवाचं. आज मी खोलीत बंद आहे, गोदामात कोणीतरी पॉझिटिव्ह निघालं, माझा रिझल्ट यायचाय. फ्लॅटमेटला वाटतंय मी शिफ्टला गेलोय. स्वयंपाकघरात तो कांदा परततोय, फोन स्पीकरवर, आणि ती. "सुन, ये सुन, तेरे फ्लॅटमेट ने भेजा था." आणि भिंतीपलीकडून माझा आवाज आला, बाबा. टॉयलेटमध्ये घुमलेला, तुमच्यासारखा हळवा. आणि त्यावर ती दोघं हसताहेत. वाईट हसणं नव्हतं ते, तेच तर वाईट. आई काकांच्या नकलेला हसायची तसलं, सुखाचं.

मी पलंगावर बसून ऐकत राहिलो. आणि आज, इतक्या वर्षांनी, तुमचा अर्थ मागाहून आला. प्रेमाच्या ओळी कसल्या! आत दोन डोळस माणसं हसतायत आणि बाहेर तुम्ही वेताच्या खुर्चीत. तुम्हाला बघतासुद्धा येत नव्हतं तिरक्या डोळ्याने, म्हणून तुम्ही जळणं वाचून घ्यायचात. माझ्या तोंडून. दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून त्याच्या आईला रोज सैतान ऐकवलात, आणि वर वडी दिलीत. तिला ते असलं जुनं इंग्रजी कळत नव्हतं, मला कळत नव्हतं. घरात एकट्या तुम्हालाच कळत होतं, आणि तेवढ्यावर तुमचं भागत होतं. आई आणि काका नुसता चहा पीत होते का, ते मला माहीत नाही. तुम्हालाही नव्हतं. काका तुमच्या मागे वर्षभरात बदली होऊन गेले, आई एकटीच राहिली. तुम्ही जळलात ते फुकट.

तुम्हाला माफ केलं असं समजू नका. हे पत्र कुठे टाकायचं तेही नाही, तुमची राख कृष्णेत गेली, मिरजेच्या त्या खोलीत आता मोबाइल दुरुस्तीवाला बसतो. फोनमध्ये राहील आणि फोन बिघडला की जाईल. एकच सांगायचं राहिलं. भिंतीपलीकडे माझा आवाज तिसऱ्या ओळीला आला तेव्हा जोर चुकला होता माझा, आणि माझ्याच बोटाचं पेर माझ्याच गुडघ्यावर टण्‌कन बसलं. मग मी उठलो. दारापाशी जाऊन तो उतारा पहिल्यापासून पुन्हा म्हटला, एकही चूक न करता, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. स्वयंपाकघरातलं हसणं थांबलं. मला बरं वाटलं, बाबा.